उलटी शिवलेली पानं

हे बाहेर सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. रागावून नाही, गुरुजी रागावत नाहीत. "कुठे बोलू नकोस हं पोरी," एवढंच ते म्हणाले. का, ते मी विचारल्यावर कळलं, आणि तेही मी सांगणार आहे. पण दृष्टांतकथेत कोणाचं नाव नसतं, गावाचं नसतं, आणि ती कधी घडली हेही कोणी विचारत नाही. म्हणून मी ही गोष्ट तशीच सांगते. म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि न सांगितल्यासारखंही.

एकदा एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते गावच्या वाचनालयात रोज येऊन बसत. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं, पंखा आणि लोक. मागच्या खोलीत कपाटं, आणि खिडकीशी गुरुजींचं टेबल. तिथे ते जुनी, उसवलेली पुस्तकं नव्याने बांधत. पुस्तक उसवलं की त्याची सोळा-सोळा पानांची जुडगी सुटी होतात. त्या जुडग्याला फर्मा म्हणतात. गुरुजी एकेक फर्मा दाभणाने टोचून दोऱ्याने शिवत, पाठीला खळ लावत, पुठ्ठा चढवत आणि वर दगड ठेवून वाळवत. वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंची मुलगी कपाटांच्या मागे बसून शाळेचा अभ्यास करी. ती बोलत नसे, त्यामुळे ती तिथे आहे हे लोक विसरत. तिच्याबद्दल एवढं पुरे.

त्या वाचनालयाची एक प्रथा होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मतसभा भरे. ज्याला मत मांडायचं असेल त्याने ते पुस्तक चौरंगावर ठेवायचं, त्यावर उजवा हात ठेवायचा आणि बोलायचं. पुस्तक उघडायचं नाही, असा दंडक होता. पूर्वी कोणी तरी म्हणालं होतं की जे खरोखर वाचलं ते मनात असतं, त्यासाठी पानं कशाला चाळायची? ते सगळ्यांना आवडलं आणि चालू राहिलं. एका कडेला लाकडी हातांची खुर्ची असे, तिच्यावर गुरुजी. सगळ्यांचं बोलून झालं की शेवटचं मत गुरुजींचं. त्यानंतर चहा.

किती तरी वर्षं गुरुजी त्या खुर्चीत बसले, आणि दमले. लोक दोनच प्रकारच्या पुस्तकांवर बोलत. एक, जुन्या नावाजलेल्या कादंबऱ्या, कारण त्यांच्यावर मत नसणं कमीपणाचं वाटे. आणि दुसरी, देशाच्या कारभारावरची राजकीय पुस्तकं, कारण त्यांच्यावर मत असायला पुस्तक लागतच नसे. एका शनिवारी सभा संपल्यावर गुरुजींनी कपातला चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "आता मला ऐकवत नाही. पुढची सभा माझी शेवटची, मग या खुर्चीत दुसरं कोणी तरी बसेल."

दुसरं कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजींचा एक शिष्य होता. शाळेत त्यांच्याकडे शिकलेला, आता शेजारच्या शहरात महाविद्यालयात शिकवणारा. त्याच्याइतकं चांगलं बोलणारं गावात कोणी नव्हतं. तो दर महिन्याला नवं पुस्तक घेऊन येई, दर महिन्याला नवं मत देई, आणि लोक ते पुढचा महिनाभर आपलं म्हणून वापरत. त्याला ती खुर्ची हवी होती. त्याने तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण खोलीत शिरताना त्याची नजर आधी खुर्चीकडे जाई आणि मग माणसांकडे, हे कपाटांमागून दिसत असे.

पुढच्या सभेच्या शनिवारी शिष्य इस्त्रीचा झब्बा घालून आला. त्याने चौरंगावर दोन पुस्तकं ठेवली. एक होती सगळ्यांच्या आजोबांपासून नावाजलेली जाडजूड कादंबरी: एका मास्तरांच्या बायकोची. नवरा देशकार्यासाठी घर सोडून जातो आणि ती डोंगरातल्या एका गावी त्याची वाट पाहत राहते. दुसरं होतं देशाच्या कारभारावरचं गाजलेलं पुस्तक. हे दुसरं पुस्तक गावातल्या एका व्यापाऱ्याचं फार लाडकं. तो कापडाचा व्यापारी. वाचनालयाचा पंखा त्याच्याच देणगीतला, आणि तो बरोबर त्याच पंख्याखाली बसे.

शिष्य म्हणाला, "ही कादंबरी थोर आहे असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं. मला ती थोर वाटत नाही. या बाईला लेखकाने जीभच दिलेली नाही. नवरा जातो तेव्हा ती गप्प. तो येतो तेव्हा गप्प. साऱ्या पुस्तकात ती एकदाही मनातलं बोलत नाही. अशा मुक्या सोशिकपणाची आपण किती दिवस आरती करायची?"

लोकांनी माना डोलावल्या. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "मी हेच म्हणत होतो की नाही?" शेजारी म्हणाला, "तू कधी म्हणालास?"

मग शिष्याने दुसऱ्या पुस्तकावर हात ठेवला. "या लेखकाचा दोष उघड आहे. तो दुसऱ्या बाजूचं ऐकूनच घेत नाही. स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच टाळ्या वाजवतो."

"अहो, पण त्याने एकेकाची पिसं काढलीत!" व्यापारी पंख्याखालून ओरडला. "सत्य झोंबतं हो सर!"

"शेठजी, कुठलं सत्य, कुठल्या प्रकरणातलं?"

"सगळ्याच!" व्यापारी म्हणाला, आणि सभा हसली. शिष्यही हसला. टाळ्या झाल्या. मग सगळे गुरुजींकडे वळले, कारण आता शेवटचं मत त्यांचं, आणि त्यानंतर खुर्ची शिष्याची.

गुरुजी उठले. चौरंगापाशी आले. त्यांनी कादंबरी उचलली आणि, जे त्या खोलीत कधी घडलं नव्हतं, ती उघडली. मधोमध उघडली. मग ती वरची बाजू खाली अशी फिरवली, उलटी डोळ्यांसमोर धरली, आणि सगळ्यांसमोर उभे राहून मनातल्या मनात वाचू लागले. एक पान उलटलं. दुसरं उलटलं.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणी तरी हलकेच म्हणालं, "वय झालं बिचाऱ्यांचं."

"गुरुजी," व्यापारी अदबीने म्हणाला, "पुस्तक उलटं धरलंय आपण."

गुरुजींनी वर पाहिलं. "मी उलटं धरलंय की ते उलटंच आहे, शेठजी? कोणाला माहीत आहे इथे?" त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शिष्याकडे सगळ्यात शेवटी. मग पुस्तक मिटून म्हणाले, "चहा घ्या." खुर्चीबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

लोक गेल्यावर शिष्य मागच्या खोलीत आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "गुरुजी, खुर्ची द्यायची नव्हती तर तसं सांगायचं. चारचौघांत माझं हसं कशाला केलंत?"

"हसं तुझं नाही झालं. लोकांना वाटलं मला वेड लागलं." गुरुजी खळीचं भांडं धूत होते. "ती कादंबरी उघड. मधलं पाहा."

शिष्याने उघडली. मधला एक अख्खा फर्मा उलटा शिवलेला होता. अक्षरं डोक्यावर उभी. ती पानं वाचायची तर सबंध पुस्तक फिरवून धरावं लागत होतं. शिष्य बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिला. ती पानं वाचलेल्या माणसाला असं पाहत राहावं लागलं नसतं, हे त्यालाही कळलं असावं.

"तुम्ही मुद्दाम...?"

"नाही रे. डोळे." गुरुजी हात पुसत स्टुलावर बसले. "बांधताना चूक झाली. खळ वाळल्यावर लक्षात आलं. वाटलं, उसवून पुन्हा शिवावं. मग वाटलं, राहू दे, कोणी तरी येईल तक्रार घेऊन. म्हणेल, गुरुजी, काय हे काम करता? मी माफी मागेन, त्याला चहा पाजेन, आणि दोघं मिळून त्या बाईबद्दल बोलू. मी वाट पाहिली. पुस्तक लोक घरी नेत होते, परत आणत होते. दर महिन्याला कोणी ना कोणी त्यावर बोलत होतं. तक्रार काही आली नाही."

शिष्य खाली पाहत म्हणाला, "शाळेत असताना मी ही वाचली होती. अर्ध्यापर्यंत. पुढचं... पुढचं सगळ्यांना माहीतच असतं."

"हो. तेच तर." गुरुजींनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "मत हे वाचल्यानंतर मागे उरतं. भांड्याच्या तळाशी उरतं तसं. आपण ते आधीच घेऊन जातो, आणि त्याला टेकायला पुस्तकात एखादी जागा शोधतो. जागा मिळाली की पुढची पानं अडचण वाटायला लागतात. तू दमल्यासारखा दिसतोस, मला पुष्कळ दिवस दिसतंय. पुस्तकांनी माणूस इतका दमत नाही बाबा. मतांनी दमतो."

शिष्य अगदी हळू म्हणाला, "दर महिन्याला काही तरी नवं म्हणावं लागतं, गुरुजी. लोक वाट पाहत असतात. शेवटची कादंबरी मी नुसती वाचायची म्हणून कधी वाचली, आठवत नाही."

"ने दोन्ही पुस्तकं," गुरुजी म्हणाले. "मत आणू नकोस."

पुढच्या मतसभेला शिष्य आला नाही. गुरुजी जड मनाने पुन्हा खुर्चीत बसले आणि लोकांची मतं ऐकत राहिले. व्यापारी म्हणाला, "सर खुर्चीवरून रुसले वाटतं." गुरुजींनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

त्यानंतर एका दुपारी शिष्य मागच्या खोलीत आला. झब्बा चुरगळलेला. हातात तीन पुस्तकं.

"वाचलीस?" गुरुजींनी विचारलं.

"वाचली. उलटी धरून. गाडीत शेजारचा माणूस म्हणाला, दादा, बरं वाटत नाही का?" तो जरासा हसला आणि लगेच गंभीर झाला. "गुरुजी, ती बोलते. त्या उलट्या पानांत ती सोळा पानं बोलत राहते. नवरा परत आलेला असतो, बाहेर ओसरीवर उभा असतो, आणि ती आतून कडी लावून दाराशी बसून बोलते. इतकी वर्षं साठवलेलं सगळं. मी म्हणालो तिला जीभ नाही! मी त्या लेखकाला चारचौघांत... आणि मग शेवटी ती उठते आणि..."

"थांब," गुरुजी म्हणाले. "पुढचं नको सांगू. त्या कपाटामागे एक पोरगी आहे. तिला वाचू दे."

शिष्य दचकला. कपाटामागच्या मुलीने वहीत डोकं खुपसलं.

"आणि मत?" गुरुजींनी विचारलं.

"अजून बनलं नाही. नुसतं आठवत राहतंय." शिष्याने दुसरं पुस्तक टेबलावर ठेवलं. "पण तक्रार आहे. या राजकीय पुस्तकातही चूक आहे."

"यात नाही. यात मी काही उलटं शिवलेलं नाही."

"उलटं नाही. एक फर्मा दोनदा शिवलाय. तीच सोळा पानं पुन्हा येतात, आणि त्यांच्या पुढची सोळा नाहीतच. तिथून एकदम पुढचं प्रकरण."

गुरुजींनी चष्मा चढवला. पानांचे आकडे बोटाने तपासले. पुन्हा तपासले. छापखान्यातूनच तसं आलं असावं. पण बांधणी उसवली तेव्हा पुन्हा शिवली गुरुजींनीच. शिवताना आकडे पाहायचे असतात, हेही गावात त्यांनीच इतरांना शिकवलेलं होतं.

"म्हणजे मीही..." ते म्हणाले, आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. बाहेर कोणी तरी वर्तमानपत्राची पानं उलटत होतं, त्याचा आवाज येत राहिला. "हा माणूस दुसऱ्या बाजूचं ऐकून घेत नाही, हे तुझं मत नव्हतं. माझं होतं. मी त्या खुर्चीतून वर्षानुवर्षं सांगत आलो. तू माझ्याकडून उचललंस."

"हो," शिष्य म्हणाला. तो विजयाने म्हणाला नाही.

"काय होतं त्या पानांत?"

शिष्याने तिसरं पुस्तक पुढे केलं. "शेठजींची स्वतःची प्रत आणली मागून. पुस्तक त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरीखाली असतं. यात ती पानं आहेत. पण..." त्याला हसू आवरेना. "पण वरच्या घड्याच कापलेल्या नव्हत्या, गुरुजी. बरीचशी पानं एकमेकांना जोडलेलीच, कधी उघडलीच नव्हती. मी विचारलं, शेठजी, हे असं कसं? तर म्हणाले, सर, घरचं पुस्तक आहे, आम्ही जपून वापरतो."

गुरुजी हसले. पुष्कळ दिवसांनी हसले असावेत, कारण हसता हसता त्यांना खोकला आला आणि मुलीला माठातलं पाणी आणून द्यावं लागलं. मग त्यांनी टेबलावरची बोथट सुरी शिष्याच्या हातात दिली. शिष्याने त्या सोळा पानांच्या घड्या जपून कापल्या आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. लेखकाने त्या पानांत आपल्या विरोधकांची बाजू एकेक करून मांडली होती, ती इतक्या न्यायाने, की मध्येच गुरुजी म्हणाले, "हे तर मीच बोलतोय असं वाटतं." मग लेखकाने आपलं उत्तर दिलं होतं.

वाचून झालं. ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं.

"पटला?" शिष्याने विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले. "अजूनही नाही पटत. पण इतकी वर्षं मी ज्याच्याशी भांडत होतो, तो हा माणूस नव्हता." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "फार दमवलं मी त्याला. आणि स्वतःलाही."

मग ते उठले, पुढच्या खोलीत गेले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "येत्या शनिवारी तू बस."

"गुरुजी, मला आता ती..."

"नको वाटते ना? म्हणून म्हणतो. मला कालपर्यंत वाटत होतं की ती नको म्हणण्याइतका मी शहाणा झालो आहे. मी नुसताच कंटाळलो होतो."

"पण लोक मत विचारणार. मी काय करू?"

"तू त्यांना एवढंच विचार, कुठपर्यंत आलात?"

दाराशी थांबून गुरुजी त्या मुलीला म्हणाले, "कुठे बोलू नकोस हं पोरी."

"सरांचं का?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच नवा वाटला.

"त्याचं नाही आणि माझंही नाही. माझी चूक चारचौघांत सांगायला मला लाज वाटणार नाही. पण लोकांना हे कळलं, तर उद्यापासून ते उलटी पानं शोधायला पुस्तकं उघडतील. वाचायला नाही."

शनिवारी शिष्य खुर्चीत बसला. गुरुजी पहिल्यांदाच लोकांमध्ये, सतरंजीवर, भिंतीला टेकून बसले. एक गृहस्थ उठून चौरंगापाशी आले, एका जुन्या कादंबरीवर हात ठेवला आणि घसा खाकरला.

"कुठपर्यंत आलात?" शिष्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. प्रवासातल्या माणसाला विचारतात तसं त्याने विचारलं.

गृहस्थांचा हात पुस्तकावरच राहिला. लोक आपापल्या पुस्तकांकडे पाहू लागले, जणू ती आत्ताच कोणी तरी त्यांच्या मांडीवर आणून ठेवली होती. पंखा तेवढा फिरत होता.

मग पंख्याखालून व्यापाऱ्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ लहान. "सर, खरं सांगू? माझ्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेपर्यंत."

कोणी हसलं नाही. शिष्य म्हणाला, "मग शेठजी, तिथूनच वाचू या." त्याने खुर्ची ओढून चौरंगाजवळ घेतली, शेठजींचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला. गुरुजींनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. ते झोपले असं सगळ्यांना वाटलं. पण वाचताना एक ओळ सुटली, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं.

गोष्ट इथे संपते. तिचं तात्पर्य लिहायचं तर एका ओळीत लिहिता येईल, पण ते तुमचं तुम्हाला कळलं असेल. आणि मला सध्या घाई आहे. तो उलटा फर्मा गुरुजींनी अजून उसवलेला नाही. कादंबरी माझ्या हातात आहे. मी मागच्या खोलीत, कपाटांच्या मागे बसले आहे, आणि आजच त्या पानांपर्यंत आले. पुस्तक फिरवून धरलं आहे. ती बाई आतून कडी लावून बोलते आहे, तो ओसरीवर उभा आहे, आणि ती उठून काय करेल ते मला माहीत नाही. सर म्हणाले होते तिला जीभ नाही, मग म्हणाले आहे. गुरुजींनी तिच्याबद्दल मला काहीच सांगितलं नाही. पण मला वाटतं, ती जे बोलते आहे ते नवऱ्याला ऐकवायला नाहीच, ती ते... थांबा, आई किल्ल्या वाजवते आहे. "चैत्राली, ऊठ गं, कुलूप लावायचंय, किती हाका मारू!" एवढं पान तरी होऊ दे म्हणते, पण ती दिवे मालवायला लागली आहे, तर मला वाटतं ते असं, की ती बाई